मामांचा नवा कान

माझ्या मामांइतक्या शिस्तीत बहिरा झालेला माणूस साऱ्या हिंदुस्थानात दुसरा नसेल! उभा जन्म दिल्लीच्या केंद्र सरकारी कचेरीत गेलेला. दोन्ही कान गेले तसं त्यांनी करोल बागेतल्या घरात सरळ फाइलच उघडली. बोलायचं ते लिहून द्यायचं, मामा त्यावर शेरा मारणार. मामीनं लिहिलं, ‘भाजी काय करू?’ शेरा, ‘मागील निर्णयाप्रमाणे.’ एकदा गॅस संपल्याचा कागद ‘तातडीचे’ लिहिलं नव्हतं म्हणून दिवसभर पडून राहिला. आम्ही बाहेरून छोले-कुलचे आणले आणि मामांनी ते मिटक्या मारत खाल्ले, बिल्कुल शरम नाही!

मग कंपवात जडला. हात थरथरू लागला, अक्षर मुंगीएवढं झालं, शेरे कुणालाच वाचता येईनात. एक दिवस मामा मला म्हणाले, “अरे, बाकी काही नको. हिचा आवाज तेवढा ऐकायचाय.” कानाच्या आत यंत्र बसवतात असं कळलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “यंत्र आवाज पोचवेल. पण आजार मेंदूचा आहे, अर्थ किती लागेल ते सांगता येत नाही.” मामीनं फाइलीत लिहिलं, ‘या वयात डोक्याला भोक नको.’ मामांनी मोठ्यानं निकाल दिला, “हरकत नोंदवली. प्रस्ताव मंजूर.”

ऑपरेशनचे टाके सुकल्यावर यंत्र सुरू केलं. मामी आशेनं म्हणाली, “अहो, ऐकू येतंय?” मामांनी नकारार्थी मान हलवली. “पत्र्यावर खडे पडतायत नुसते.” परतताना रिक्षात मला तर रडूच येत होतं.

पण मामी हट्टी. हिवाळाभर गच्चीवरच्या उन्हात ती त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. ऊन मऊ, पतंग वर तरंगतायत, मामा डोळे मिटून बसलेले. ऐकतायत की डुलकी लागलीय, देव जाणे. अशाच एका दुपारी मामी मटार सोलत होती. मामांचा हात लागला आणि ताटली पालथी झाली.

“अहो, काय हे! सगळे सांडलेत की!”

मामांनी डोळे उघडले. “मटार सांडले म्हणतेस ना?”

मामीनं हातातली शेंग खाली ठेवली.

“आवाज तुझा नाही गं,” मामा हळूच म्हणाले, “पण रागावणं तुझंच आहे.”

मामीनं पदरानं डोळे पुसले. मग त्यांच्याजवळ सरकून विचारलं, “आणखी रागावू?”

“हो,” मामा म्हणाले, “पण जरा सावकाश.”