जीपच्या बॅटरीवरचं गाणं

हळदीच्या मांडवात शूटिंगवाल्या पुरुषाला बायका आत घेत नसत, आणि त्या एका अडचणीवर माझं सगळं शिक्षण झालं. मुरबाडच्या बाजारपेठेत एका दादांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांची शूटिंगही तेच करायचे. हळद लागायची वेळ झाली की ते दाराशी अवघडून उभे राहायचे आणि आतून एखादी मावशी म्हणायची, "ओ शूटिंगवाले, तितंच थांबा. कॅमेरा येऊ दे आत, तुमी नको." कॅमेरा एकटा कसा आत जाणार, हा प्रश्न दादा बरीच वर्षं सोडवत होते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांना उत्तर सापडलं. ते धूड त्यांनी उचललं, माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे लाल बटण. दाबलं की दिवा लागतो. दिवा लागला की श्वास कमी घ्यायचा." आणि मला आत ढकललं.

मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. त्या पहिल्या हळदीत मी नवरीपेक्षा हळदीच्या पातेल्यावर पडलेलं ऊनच जास्त टिपलं. कौलातून एक कवडसा आला होता आणि पिवळ्यावर पिवळं असं काही हलत होतं की मी नवरीला विसरूनच गेले. दादांनी टेप बघितली, चष्मा पुसला, परत बघितली.

"हे पातेलं कोणाकडचं? नवऱ्याकडचं की नवरीकडचं?"

"माहीत नाही."

"मग त्याला एवढा मान का दिला?"

तरीही त्यांनी मला ठेवून घेतलं. सौदा सरळ होता. लग्नसराईत सगळ्या हळदी मी करायच्या, आणि दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कॅमेरा रिकामा असायचा, तेव्हा तो मी न्यायचा. शनिवार-रविवारी किन्हवलीमार्गे एस.टी.नं मुरबाडला जायचं आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत दादांशेजारी बसून मिक्सिंग शिकायचं. एडिटिंगला आमच्याकडे मिक्सिंगच म्हणत, आणि दादांच्या हातात ते खरोखर मिसळणंच होतं. नवरी कमळातून उमलायची, नवरा पतंगावर बसून यायचा, सासू-सासरे बदामात फिरत फिरत कोपऱ्यात जायचे. मला ते सगळं भारी आवडायचं. आता सांगायला काय हरकत आहे?

कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या वर्गाचा स्वतःचा गाण्याचा व्हिडिओ दाखवायचा, असं मी त्या वर्षी परस्पर जाहीर करून टाकलं. गाणं होतं माझ्या वर्गमैत्रिणीचं. ती खर्डीजवळच्या एका वाडीतून यायची. स्वतः गाणी रचायची, गावच्या विहारात गायची. हे नवं गाणं अगदी संथ होतं, झोपाळ्यासारखं. पहिली ओळ होती, 'सावलीला सांगून आले, उशीर होईल मला.' हार्मोनियमवर आम्ही ते कॅसेटवर रेकॉर्डही करून ठेवलं होतं.

व्हिडिओ करू म्हटल्यावर ती म्हणाली, "माझ्या आईला ऐकू येत नाय, माहितीय ना तुला?"

माहीत होतं. ही दोन वर्षांची असताना तापात तिच्या आईचे कान गेले होते. ती ओठ वाचायची, आणि असं वाचायची की वाडीतल्या बायका तिच्यासमोर कुजबुजायलाही घाबरायच्या.

"ती सगळं वाचते. माझं गाणं तेवढं तिनं बघितलं नाय. विहारात तोंडापुढं माईक असतो. घरी तिच्यासमोर बसले की मला लाज वाटते, मान खाली जाते. तू असं काढ की तिला सगळं गाणं वाचता येईल. बाकी गॅदरिंगचं तुझं तू बघ."

मी होकार दिला. किती सोपं काम, असं मला वाटलं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी तिचं नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत नाव लागलं. शूटिंगच्याच दिवशी दुपारच्या गाडीनं तिला नाशिकला निघायचं होतं. म्हणजे आमच्या हातात फक्त सकाळ होती.

ती सकाळ मला अजून नीट आठवते, आणि तरी ती खरंच घडली का अशी शंका येते. भात कापणीला आलेलं. शेतांवर धुकं असं पसरलेलं की बांध दिसत नव्हते, नुसती भाताची पिवळी टोकं दुधावर तरंगत होती. त्यात ती निळी साडी नेसून उभी. लांब कुठे तरी रेल्वेचा आवाज झाला आणि तोही ओला होऊन आला. आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि तिचा मामा. मामा माणसं भरून वडापची जीप चालवायचा आणि टेपरेकॉर्डर सांभाळायला आला होता. टेप लावायचा, तिनं त्यासोबत ओठ हलवत गायचं, मी शूटिंग करायचं आणि नंतर मिक्सिंगमध्ये खरं गाणं त्यावर बसवायचं, अशी पद्धत.

पण टेपचे सेल दवानं की कशानं मेले. मामानं घड्याळ बघितलं, जीपचं बोनेट उघडलं आणि बॅटरीला दोन वायरी लावून टेपला जोडल्या. टेपला एवढी ताकद जन्मात मिळाली नव्हती. तो सुसाट सुटला. आमचं झोपाळ्यासारखं गाणं उंदराच्या आवाजात धावायला लागलं.

"मामा, हे काय रे?"

"काय काय? तेच गाणं हाय. जरा फास्ट हाय. लवकर आटपंल, तुला टाइमावर गाडी भेटंल."

हसून हसून आमचे डोळे भरले. पण धुकं उठायला लागलं होतं, तेव्हा ती त्या धावत्या टेपबरोबर धावत गायली. आणि मी? मी बगळे टिपले. लोंबीवरचं दव टिपलं. तिची पावलं टिपली, बांधावरून जाताना, चार वेळा.

"माझं तोंड घे गो," ती शेवटी वैतागून म्हणाली. "पाय काय घेतेस? आई पायातनं वाचणार हाय का?"

तेव्हा कुठे मी समोर उभी राहिले आणि एकदाच, सलग, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिचा चेहरा घेतला. मग मामानं टेप, तिची कपड्यांची ट्रंक आणि तिला जीपमध्ये घातलं, आणि ती गेली.

पुढच्या शनिवारी दादांनी मिक्सिंग केलं. सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग धबधबा. धबधब्यात बदाम, बदामात माझी मैत्रीण, आणि बदाम फिरत फिरत कोपऱ्यात. खाली गाणं संथ चाललेलं आणि वर तिचे ओठ चणे फुटाणे खाल्ल्यासारखे पटापटा हलत होते.

"दादा, ओठ जुळत नाहीत."

"बगळे टाकू की वरून. बगळे छान काढलेस. ओठांकडे कोण बघतंय?"

"तिची आई. तिला ऐकू येत नाही. ती ओठच बघणार आहे."

दादांचा हात माऊसवर तसाच राहिला. मग त्यांनी बदाम काढला. धबधबा काढला. भाड्यानं आणलेले दागिने नवरीच्या अंगावरून उतरवावेत तसं एकेक हळूच उतरवलं, आणि शेवटी पडद्यावर नुसता तिचा चेहरा उरला. पाकळ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. "नावापुरत्या राहू दे," म्हणाले, "स्टुडिओची ओळख आहे." मग त्यांनी चित्राची पट्टी टोकाला धरली आणि गाणं जिथे संपत होतं तिथपर्यंत ओढली. चित्र हळू झालं, ओठ गाण्यावर येऊन बसले.

आणि बाकीचं सगळं स्वप्नात गेलं. ओठ गाण्याच्या चालीनं हलत होते, पण साडीचा पदर पाण्याखाली असल्यासारखा उचलला जात होता. पापणी मिटायला वेळ घेत होती. मागे भात एका बाजूनं झुकायचं आणि परत यायला विसरायचं. धुकं तिच्या खांद्यावरून निघून जाता जाता थांबत होतं. दादा म्हणाले, "हे कसं केलंस?" मी म्हटलं, "जीपची बॅटरी." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आता बगळे कुठे घालू?" त्यांनी विचारलं.

माझे बगळे, माझं दव, माझी चार वेळची पावलं! प्रत्येक बगळ्यामागे एक ओळ झाकली जात होती. मी सगळे काढायला सांगितले, आणि खरं सांगते, तेव्हा पडद्याकडे पाठ करून बसले.

सीडी घेऊन मी खर्डीच्या वाडीत गेले ती भर दुपारी. मामानं कुठून तरी सीडी प्लेअर आणून टीव्हीला जोडला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही, आणि टीव्हीपासून दोन हातांवर मावशी, म्हणजे मैत्रिणीची आई, हातातलं सूप तसंच मांडीवर ठेवून. पाकळ्या पडल्या. मग चेहरा आला.

मावशींनी श्वास कमी घेतला होता. दादांनी मला शिकवला होता तसाच, पण न शिकवता. त्यांचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात त्या एकदम हसल्या आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मी गाणं थांबवलं, त्यांच्यासमोर गेले आणि विचारलं, "काय झालं, मावशी?"

"इथं ती गाणं म्हणत नाय," त्या आपल्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या. "इथं ती माझ्या भावाला म्हणते, मामा, तुझी जीप घाल खड्ड्यात."

"कधी म्हणाली?" मामा उठून उभा राहिला. "मी तितंच होतो. मला कसं आलं नाय ऐकू?"

आम्ही परत लावलं. गाण्याची ओळ छान ऐकू येत होती. तेव्हा मावशींनी मला आवाज बंद करायला लावला, आणि मग मलाही दिसलं. मामा, तुझी जीप. दादांनी आणि मी ते किती वेळा बघितलं होतं, पण आमच्या कानांनी आम्हाला दर वेळी फसवलं होतं.

"काढून टाकू का तेवढं?" मी विचारलं.

"का? ती तशीच बोलते. राहू दे."

त्यांनी तीन वेळा बघितलं. मग टीव्ही बंद करायला सांगितला, माझ्याकडे वळून बसल्या आणि म्हणाल्या, "आता तू म्हण. तिनं शब्द खाल्लेत काय ते बघते."

तुम्हाला सांगायला हवं, मला सूर नाही. शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगत. पण इथे नुसते ओठ हलवले असते तर त्यांना ते कळलं असतं, असं मला का कोण जाणे वाटलं. मी पहिल्या ओळीपासून गायला लागले. मामा जीपमध्ये काहीतरी राहिलंय म्हणून बाहेर गेला. शेजारची एक बाई दारात येऊन, बघून परत गेली. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले.

"बरं म्हणतेस," त्या म्हणाल्या. "तिच्यापेक्षा तोंड मोठं उघडतेस. परत म्हण."