पाइपाचं तोंड छपराच्या वर

काका कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. नमस्कार नंतर. छताचे कोपरे, खिडकीच्या वरची कड, भिंतीवरचा ओलीचा डाग, हे सगळं पाहून झालं की मग नजर घरातल्या माणसांकडे वळायची. "घर श्वास घेतंय," असं म्हणाले की समजायचं, पास. काहीच बोलले नाहीत तर माझी बायको मंजिरी घाबरून खिडक्या उघडायला धावायची.

मूळचे मिरजेचे. तरुणपणी पूर्व जर्मनीत यंत्रकामाच्या ट्रेनिंगला आले, हेल्गाकाकूंशी लग्न केलं आणि हीटिंग-व्हेंटिलेशनचे फिटर म्हणून एर्त्सगेबिर्गच्या डोंगरातच रिटायर झाले. इंगोलश्टाटची नोकरी सोडून मी तिथल्या गाड्यांच्या भागांच्या एका छोट्या सप्लायरकडे आलो, त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. बाउमार्क्टमध्ये, घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, स्क्रूंच्या कपाटापुढे उभा राहून मंजिरीशी फोनवर बोलत होतो. मागून मराठीत आवाज आला, "आठ नंबरचा घे. सहाचा त्या भिंतीत टिकायचा नाही." वळून पाहिलं तर निळ्या कामाच्या डगल्यातला सत्तरीचा माणूस. स्क्रूबद्दल बोलत होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

त्यांचं मराठी चाळीस वर्षांपूर्वीच्या घडीतलं होतं. घराला बिऱ्हाड म्हणायचे. मंजिरी एखाद्या पदार्थाला "भारी झालाय" म्हणाली की विचारायचे, "पोटाला?" आणि जर्मनांत राहून त्यांना शब्द जसाच्या तसा घ्यायची सवय लागली होती. "या एकदा जेवायला," असं सहज म्हटलं की खिशातून डायरी काढायचे. "गेनाऊ, नेमकं कधी?" आम्ही हसायचो. मला वाटतं, त्या हसण्यात मी एक गोष्ट नीट पाहून ठेवली होती, आणि पुढे ती वापरली.

आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा रॅडॉनचं काकांनीच सांगितलं. हे खनिजांचे डोंगर, जमिनीतून हा वायू वर येतो, तळघराच्या भेगांतून घरात शिरतो. वास नाही, रंग नाही, वर्षानुवर्षं छातीत जात राहतो. मोजायची काळी डबी आणली, तीन महिन्यांनी लॅबचा आकडा आला, तो वाचून काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "शनिवारी केलरची, तळघराची, फरशी फोडू."

चार शनिवार आम्ही राबलो. फरशीला भोक, खाली खड्डा, खड्ड्यातून पाइप, आणि ती हवा ओढून घेणारा पंखा. पंखा त्यांनी भिंतीच्या बाहेर पेटीत बसवला. "पंख्याच्या पुढचा पाइप हवेच्या दाबाने आतून फुगलेला असतो. त्याला चीर पडली तर घाण घरातच पसरेल. म्हणून पंखा बाहेर, आणि पाइपाचं तोंड छपराच्या वर. खिडकीच्या जवळपास नाही. आल्झो, तर लिहून ठेव इंजिनिअर." मी लिहिलं नाही. माझं पोटच गाड्यांच्या एग्झॉस्टवर चालतं. धूर कुठे सोडायचा हे मला माहीत होतं.

शेवटचा तुकडा राहिला. भिंतीवरून वर, छपराच्या कडेच्या पुढे. काकांच्या गुडघ्यांना शिडी नको, म्हणून ते माझ्याकडे आलं. तोवर पंखा चालावा म्हणून मी त्याच्यापुढे एक कोपरा-पाइप लावला, कंबरेएवढ्या उंचीवर, झुडपाआड. वरचे पाच पाइप गॅरेजमध्ये प्लास्टिकसकट उभे केले. येत्या शनिवारी करू, म्हणालो. मग ऑफिसात नव्या मॉडेलची गडबड, मग पाऊस, मग नुसताच कंटाळा. बाहेर सोडलंय ना, बाहेर म्हणजे बाहेर, अशी मी स्वतःची समजूत घातली.

डिसेंबरात काकांच्या इमारतीच्या लिफ्टचं काम निघालं. बिऱ्हाड पाचव्या मजल्यावर. हेल्गाकाकूंचं आयुष्य कापडगिरणीत गेलेलं, फुप्फुसं तंतूंनी भरलेली. दोन जिने चढल्या की ओठ निळे पडायचे. मंजिरी माझ्यादेखत म्हणाली, "अहो काका, आमची खालची खोली रिकामीच आहे. वसंतापर्यंत राहा ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पाइप वर गेला?"

"झालंच समजा काका."

"गेला ना?"

"अहो, झालंच समजा."

आपल्यात याचा अर्थ कुणालाही कळतो. झालेलं नाही, आता विचारू नका. काकांनी मात्र मान डोलावली, चेहरा सैल झाला, आणि काकूंना जर्मनमध्ये सांगितलं, झालंय म्हणून. त्यांनी काय अर्थ घेतला ते मला त्याच क्षणी कळलं. मी बशीतली चकली मोडत बसलो.

त्या खोलीची खिडकी बरोब्बर त्या तोंडाच्या वर होती. आणि हेल्गाकाकू जर्मन. थंडी असो, बर्फ असो, दिवसातून तीनदा खिडकी सताड उघडून दहा मिनिटं हवा आत घ्यायची. खिडकीशी उभ्या राहून त्या हळूहळू मोठे श्वास घ्यायच्या, डॉक्टरने शिकवलेला व्यायाम. मी वरच्या स्वयंपाकघरातून ती खिडकी उघडल्याचा आवाज ऐकायचो. एकदा खाली गेलो आणि म्हणालो, "काकू, गारठा आहे, बंद करू का?" त्या हसल्या. मराठीतले त्यांना येणारे दोन-तीन शब्द होते, त्यातला एक वापरला. "नको."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दहा आठवडे मी ते बोललो नाही. शनिवार येत होते, बर्फ आहे, शिडी घसरेल, असं म्हणत होतो.

फेब्रुवारीत काकूंना खिडकीबाहेर पाखरांसाठी दाण्यांचे गोळे टांगायचे होते. ते टांगायला काका झुडपामागे गेले. जमिनीतली हवा दमट असते, थंडीत तोंडाशी गोठते. कोपऱ्याला हातभर बर्फाची दाढी लोंबत होती आणि वर काकूंची उघडी खिडकी.

त्यांनी मला हाक मारली. ओरडले नाहीत. "हे काय आहे?"

कोपऱ्याला लोंबणारा बर्फ मी हाताने मोडायला लागलो.

"तू म्हणालास झालं."

"झालंच समजा म्हणालो होतो काका." हे मी बोललो. आजही कानात आहे.

त्यांनी बाहेरूनच हात घालून खिडकी लोटली. मग गॅरेजमधून शिडी आणली. "काका, मी चढतो." "तू धर." सत्तरी ओलांडलेला माणूस एकेक पायरी थांबत वर गेला. पाच पाइप मी खालून दिले. पूर्ण वेळात ते "पाना" आणि "पुढचा" एवढंच बोलले. तोंड छपराच्या कडेच्या वर हातभर नेऊन, जाळी बसवून ते खाली उतरले. दुपारीच दोघं काकूंच्या बहिणीकडे गेले. मंजिरीला मी सांगितलं, काकूंना तिथे बरं वाटतं. तिने ते खरं मानलं. आजवर.

पुढच्या शरद ऋतूत हेल्गाकाकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, गिरणीचा जुना आजार. दोन-अडीच महिन्यांच्या रॅडॉनने त्यात काही फरक पडत नाही. ते मला पटतं. पण म्हणून मी खिडकीचा आवाज ऐकत बसलो होतो हे पुसलं जात नाही. स्मशानात मी हात पुढे केला. काकांनी तो धरला आणि जर्मनमध्ये म्हणाले, आपण आलात, आभारी आहे. 'ज़ी' म्हणाले, परक्याला म्हणतात तसं. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी जर्मनच.

पाच वर्षांनी एका वृद्धाश्रमातून फोन आला. यांचं जर्मन सगळं गेलंय, कुठल्या तरी भाषेत बोलत असतात, आम्हाला कळत नाही. जुन्या डायरीत 'इंजिनिअर' म्हणून तुमचा नंबर आहे.

गेलो. त्यांनी ओळखलं नाही. "बसा. गाव कुठलं?"

"पुणे."

"इथे एक पुण्याचा पोरगा होता. हुशार. त्याच्या घरी मी हेल्गाला नेलं." ते चादरीची कड चाचपत होते. "फिटर असून बाहेर जाऊन बघितलं नाही मी. बघायला पाहिजे होतं. मीच नेलं तिला."

शेजारी उभ्या नर्सने विचारलं, काय म्हणताहेत? मी तिला सांगितलं, ते म्हणतात चूक त्यांची होती. आणि हेही सांगितलं, ती त्यांची नव्हती, माझी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही त्याला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. तो खोटं बोलला."

त्यांनी चादरीची कड सोडली. "विचारलं होतं ना मी?"

"विचारलं होतं."

कॉफीची वेळ होईपर्यंत त्यांनी ते मला सहा वेळा विचारलं. सहाही वेळा मी खरं सांगितलं.