खोलीतला वास

बाईंनी स्प्रेचा डबा उचलला आणि सगळ्यांसमोर माझ्या खुर्चीवर फवारला. मी खुर्चीतच बसले होते.

"कसला उग्र वास येतोय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू बाहेर पॅसेजमध्ये बस."

हेब्बाळच्या ऑफिसातली आमची अकाउंट्सची खोली. खिडक्यांना नुसती काच, उघडायची सोय नाही. एसी तीच हवा फिरवायचा. दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी जड. बाई मॅनेजर, पुण्याच्या. इकडे कानडी मुलखात मी मराठी निघाले म्हणून आधी केवढ्या खूष! मग विचारलं, वडील काय करतात?

"चामराजपेटेत चपला शिवतात," मी सांगितलं.

हसू तिथंच थांबलं. वास त्यानंतर सुरू झाला.

पॅसेजमध्ये बसले. संडासाच्या दाराशेजारी. घरी दोन-दोनदा अंग घासायचे. डब्यात सुकट नेणं बंद केलं. बसमध्ये ओढणी हुंगून बघायचे. अप्पांच्या चामड्याचा वास येतो का? तळ चिकटवायच्या सोल्युशनचा? दुसऱ्यानं केलेला आरोप, आणि झडती मी माझीच घेत होते.

पण बाहेर माझं डोकं दुखायचं थांबलं. आतल्यांचं दुखतच होतं. एका दुपारी सुधाअक्का तोंड धुवायला बाहेर आली. आतलं माझं टेबल तिच्या शेजारचं. भिंतीला टेकून म्हणाली, "अय्यो, तू बाहेर आलीस तरी आत वास तोच आहे बघ."

कानाखाली वाजवल्यासारखं झालं. हवा कुजली होती. आणि मी माझी कातडी सोलत होते.

खुर्ची उचलली. आत नेली. जुन्या जागी ठेवली.

"कुणाला विचारून?" बाई ओरडल्या.

"कुणाला नाही. वास माझा नाही. माझ्या बापाचा धंदा कळला, तेव्हापासून तो तुम्हाला येतोय."

सुधाअक्कानं मान खाली घातली.

मी लेखी तक्रार दिली. जातीवरून अपमान केला, असं स्वच्छ लिहिलं. एचआरच्या साहेबांनी पाणी दिलं, गोड बोलले. लगेच माणसं आली. छतातली जाळी उघडली, बाहेरची हवा आत ओढणारा बंद पंखा चालू केला. खोलीत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मग साहेब म्हणाले, "हवेचा प्रश्न होता, मिटला. आता तो जातीचा शब्द तेवढा काढून टाका."

पंखा चालू झाला, चांगलं झालं. सगळ्यांना हवा मिळाली. पण स्प्रे सगळ्यांवर मारला नव्हता.

शब्द काढणार नाही. इथं ऐकलं नाही तर पोलीस ठाण्यात जाईन. तिथं पहिल्या ओळीत तोच लिहीन.