कागद येईपर्यंत

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. आई नाशिकच्या एका दवाखान्यात होती. तिच्या वॉर्डात सटाण्याकडची एक मुलगी काम करायची. नर्सिंगची परीक्षा पास झाली होती, पण मुंबईहून नोंदणीचा कागद आला नव्हता, म्हणून तिला इंजेक्शन द्यायची परवानगी नव्हती. ती बायकांना पाणी पाजायची, उशा सारख्या करायची. मधेच एखादीच्या उशाशी बसून हलक्या हाताने तिचे केस विंचरायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

तिने केस विंचरलेली बाई दिवस मावळायच्या आत जाते, हे तिसऱ्या बाईनंतर माझ्या लक्षात आलं.

एका दुपारी ती फणी घेऊन आईजवळ आली. मी तिचा हात धरला.

"आईला नको."

"ताई, माझ्यामुळं कुणी जात नाय," ती हळूच म्हणाली. "कुणाची वेळ आली, ते मला आधी कळतं. सुई देता येत नाय अजून. एवढंच करता येतं."

"जा म्हटलं ना!"

ती फणी घेऊन बाहेर गेली.

चार वाजता आई गेली. तिचे केस कपाळावर विस्कटले होते. त्या मुलीला शोधायला मी वॉर्डाचं दार उघडलं, तर ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती.

"येऊ आता?" तिने विचारलं.