दोडका वाळला त्याची गोष्ट

आमच्या घरात सोळा माणसं. त्यामुळे भाकरी कधी उरायची नाही, उरायचे ते किस्से. आज एक सांगायला बसलं की चार आपोआप आठवतात. आणि एक गोष्ट आधीच कबूल करते, त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच आहे!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी मुदखेडची, परभणीला गृहविज्ञान शिकलेली, लग्न होऊन लातुरात आले. अंगावर दागिने बेताचे होते, पण डोक्यात जीवनसत्त्वं गच्च भरलेली. आल्या आल्या मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं आठवड्याचं वेळापत्रक लिहिलं. सोमवारी मोडाची मटकी, मंगळवारी पालेभाजी, कोशिंबीर रोज. खाली मोठ्या अक्षरात, ‘जेवण ठीक बारा वाजता.’

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं.

“सूनबाई, हे बसस्टँडवरच्यावानी टाइमटेबल हाय. म्हणजे गाडी लेटच येनार!”

त्या दिवशी जेवण अडीच वाजता झालं.

* * *

मग मी तेल कमी केलं. तिखट कमी केलं. वांग्याच्या भाजीत कूट नाही, वर तवंग नाही. सोळा ताटं वाढली आणि कौतुक ऐकायला दाराशी उभी राहिले.

सगळ्यात धाकटे दीर बसवराज. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले आणि काळजीनं विचारलं, “वैनी, घरात कोन आजारी हाय?”

सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तेलाची बरणी आणली आणि पंगतीत फिरवली.

* * *

पण खरोखरच काळजी करावी असं एक माणूस घरात होतं. माझी जाऊ शांता. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. ती बिचारी जिना चढली तरी धापा टाकायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि स्पष्ट सांगितलं, “रक्त फार कमी आहे. गोळ्या घ्याच, पण रोज हिरवी पालेभाजी पोटात गेली पाहिजे. नाहीतर या खेपेलाही अवघड आहे.”

शांता घरी येईपर्यंत रडत होती. मीही रडले.

दुष्काळाचं साल. बाजारात पालेभाजी म्हणून जे मिळायचं ते गवतापेक्षा कोरडं. मी जाहीर केलं, “आपण परसात भाजी पिकवू!”

आत्याबाई जात्यावरून उठल्याच. “प्यायला पानी न्हाई, अन् ही बया बाग लावून राहिली!”

* * *

पहिल्या वाफ्यात मी गाजरं पेरली. दहा-बारा दिवसांत कशी नाजूक, कातरलेली पानं आली! मी पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी चोरून घालायची. शेजारणींना बोलावून गाजरातलं अ जीवनसत्त्व समजावलं. डोळ्यांना चांगलं असतं म्हणून सांगितलं.

एका संध्याकाळी मामा वाफ्यापाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

“सूनबाई, हे गाजरगवत हाय. हे तर अख्ख्या जिल्ह्यात फुकट उगवून राहिलंय!”

गाजराचं एकही बी रुजलं नव्हतं. दोन आठवडे मी निष्ठेनं तण वाढवत होते. डोळ्यांचं जाऊ द्या, माझ्या हातांना आठ दिवस खाज सुटली होती.

* * *

टँकर चार दिवसांनी यायला लागला, तेव्हा मी डोकं चालवलं. माणशी अर्धी बादली आंघोळ. साबण बंद. न्हाणीच्या दगडाखाली पसरट घमेलं ठेवायचं आणि त्यात साठलेलं पाणी ज्यानं त्यानं आपापल्या झाडाला घालायचं. मामांना शेवगा दिला, बसवराजांना भोपळा, मला टोमॅटो. आत्याबाईंनी दोडका मागून घेतला, दोडका त्यांचा जीव की प्राण. पालकाचा वाफा शांताचा. त्यातलं पान फक्त तिच्याच ताटात जायचं.

दहा दिवसांत बसवराजांचा भोपळा मान टाकून पडला.

“भावजी, आंघोळ करता ना?”

“रोज करतो की! तुमी उठायच्या आत.”

“मग भोपळा का सुकला?”

“त्याला माझं पानी मानवत न्हाई वैनी.”

मी पंगतीत उभी राहून निकाल दिला, “माणूस खोटं बोलेल, झाड बोलणार नाही!” बसवराजांनी त्याच दुपारी सगळ्यांसमोर आंघोळ केली. घरात माझा वचक बसला. मीही थोडी चढलेच.

* * *

आणि मग आत्याबाईंचा दोडका वाळायला लागला.

आधी पानं पिवळी पडली, मग वेल मांडवावरच कडकडीत झाला. घरात कुजबुज सुरू झाली. आमचं घर लिंगायत, आत्याबाईंची लिंगपूजा एक दिवस चुकत नाही, आणि पारोशानं पूजेला बसायचं म्हणजे केवढं पाप! पहाटे त्या सगळ्यांच्या आधी उठायच्या, त्यामुळे त्यांना आंघोळ करताना कुणी पाहिलेलंच नव्हतं.

बसवराज तर वाटच बघत होते. “वैनी, आता बोला की! का नियम आमच्यापुरताच हाय?”

गप्प बसायचं सोडून मी बोलले. भर पंगतीत! “स्वच्छता लहानथोर सगळ्यांनाच लागू आहे. पाण्याची टंचाई असली तरी.”

शेजारणीला शेवटचा शब्द कधी मिळू न देणाऱ्या आत्याबाई. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या ताटात भाकरी वाढली. मला वाटलं, चूक पदरात पडली म्हणून बोलत नाहीत. आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

पालक तेवढा नुसता फोफावला होता. त्याचं श्रेय मी माझ्या शेणखताला दिलं.

* * *

सातवा महिना सुखरूप उलटला. डॉक्टरीणबाईंनी शांताचं रक्त तपासलं आणि चकितच झाल्या. “चांगलंच वाढलंय! काय दिलंत हिला?”

झालं! बाहेर बायकांची रांग खोळंबलेली, आणि मी शेणखत, वाफा, लोह, लिंबू पिळायची वेळ, सगळं सविस्तर सांगितलं. घरी येऊन पुन्हा सांगितलं. शेजारी जाऊन सांगितलं.

मामा म्हणाले, “जिल्हा नवा हाय. चौक लई रिकामे हायेत. हिचा एक पुतळा बसवा.”

* * *

त्याच आठवड्यात एका पहाटे टँकर येणार होता म्हणून मी लवकर उठले. घागर घेऊन परसात गेले, तर न्हाणीतून आत्याबाई बाहेर आल्या. केस ओले, लुगडं ओलं, कमरेवर भरलेलं घमेलं. थंडीनं दात वाजत होते. वाळलेल्या दोडक्याच्या मांडवाखालून त्या सरळ पुढे गेल्या, पालकाच्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि तांब्यातांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालू लागल्या.

मी घागर खाली ठेवली तर ती वाजली.

“हळू! शांता उठंल.”

“आत्याबाई,” मी जवळ जाऊन म्हणाले, “मी सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. सांगितलं का नाही? आणि तुमचा दोडका...”

त्यांनी घमेल्यातलं उरलेलं पाणी शेवटच्या रोपाला घातलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“दोडक्याला काय बाळंत व्हायचं हाय?”