फणीने पिलू उताणं केलं

तिला सगळे फणी म्हणत, कारण कुत्र्यांचे केस विंचरायची फणी कायम तिच्या केसांत खोचलेली असे. तिचा थोरला भाऊ सोनेरी केसांची, अस्सल जातीची पिलं विकायचा. विकण्याआधी प्रत्येक पिलू त्याच्या घरामागच्या शेडमध्ये फणीच्या हातून न्हाऊन निघायचं.

या खेपेच्या पिलांचा कोंडा काही केल्या जाईना. टॉवेलवर पांढरे पापुद्रे पडत. पोटाची कातडी तर काजळी फासल्यासारखी, खरखरीत.

"नीट घासत नाहीस तू. हात चालव जरा!" दादा खेकसला.

फणीचं डोकं सणकलं. एक पिलू काखोटीला मारून तिने डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

"घासून काय होणार?" बाई म्हणाल्या. "जन्माचंच दुखणं आहे हे. आईबाप वरून ठणठणीत, पण दोघांच्याही रक्तात दोष लपलेला. तो दोन्हीकडून आला की पिलाची कातडी अशी सोलवटते. जिवावरचं नाही, पण पुरतं बरंही होत नाही. जन्मभर निगा राखावी लागते. या जोडीची पिलं पुन्हा घेऊ नका."

फणीने हे सगळं दादाला सांगितलं. त्याने ऐकून मान डोलावली. आणि पुढच्या माजाला पुन्हा तीच जोडी लावली!

"अगं, गिऱ्हाईक तोंड बघतं, पोट कोण बघतंय?" तो हसत म्हणाला.

ते हसू फणीच्या मस्तकात गेलं. नवी पिलं बघायला एक जोडपं आलं, तेव्हा दादा वंशावळीचे गोडवे गात होता. फणीने साबणाचे हात पुसले, पिलू उचललं आणि सगळ्यांसमोर उताणं केलं.

"हा मळ नाही, रोग आहे. जन्मभर निस्तरायची तयारी असेल तरच न्या. आणि या माणसाला हे सगळं ठाऊक आहे."

जोडपं आल्या पावली परतलं.

"घरभेदी! भावाच्या पोटावर पाय देतेस?"

"माझ्या हातून धुऊनपुसून तू लबाडी विकलीस, दादा!" फणीने शेडची किल्ली त्याच्या पायाशी भिरकावली.

भावाबहिणीचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मग एके दुपारी वहिनी फणीच्या दारात उभी. नवऱ्यापुढे कधी चकार शब्द न काढलेली बाई, आणि हातातल्या पट्ट्याला पिलांची आई.

"चल दवाखान्यात. हिचं ऑपरेशन करून टाकू. पुन्हा पिलं नकोत."

"आणि दादा?"

"ओरडेल. ओरडू दे."

ऑपरेशन झालं. दादाने घर डोक्यावर घेतलं, पण कुत्रीला आता पिलं होणार नव्हती. न खपलेली दोन पिलं फणीने आपल्या घरी आणली. त्यांना न्हाऊ घालताना पापुद्रे हाताला चिकटले, की अजूनही ती दातओठ खात भावाचा उद्धार करते.