हातगुण मोजणारं यंत्र

आमच्या घरी लोणचं आई घालायची, काकू नाही. काकूच्या हातचं लोणचं नासतं, असं एकदा कधीतरी ठरलं आणि मग ती जन्मभर फोडी चिरण्यापुरती उरली. याला हातगुण म्हणायचे. विज्ञान शिकले की असल्या गोष्टींतून सुटका होईल, असं मला वाटायचं. कसली सुटका! नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात मी पीएच.डी.ला लागले, तिथेही हातगुणच चालायचा. लोणच्याऐवजी संत्री होती, एवढाच फरक.

माझ्या मार्गदर्शक सरांनी संत्र्याच्या कोवळ्या फांदीचे बारीक तुकडे काचेच्या नळ्यांत, साखर-क्षार घातलेल्या आगरच्या जेलीवर वाढवून त्यांना कोंब आणले होते. तेही भर उन्हाळ्यात, एअर कंडिशनरशिवाय, साध्या खोलीत. त्यांच्या शोधनिबंधात ‘खोलीचे तापमान’ असे दोन शब्द होते आणि त्यांना मिळालेला सगळा मान त्या दोन शब्दांचा होता. कारण हे खरं असेल, तर काटोलकडच्या कुठल्याही रोपवाटिकेत निरोगी कलमं तयार होऊ शकणार होती.

पण बाहेरगावची पत्रं यायची, की आमच्याकडे कोंब येत नाहीत. सर हसून म्हणायचे, “हात लागतो त्याला.” आता विज्ञानात ‘हात लागतो’ हे काही उत्तर नव्हे. म्हणून ही पद्धत कुणाच्याही हातून चालते, हे दाखवायचं काम माझ्याकडे आलं. चाललं तर प्रबंध, आणि प्रबंध झाला तर कॉलेजात नोकरी. नाही चाललं तर शिष्यवृत्ती बंद आणि मी घरी, काकूच्या शेजारी.

दोन उन्हाळे माझ्या नळ्यांतले तुकडे काळे पडले. आगर तेच, साखर तीच, झाड तेच. सरांनी स्वतः कापलेले तुकडे मात्र हिरवेगार राहत. ते सरांच्याच रॅकवर, प्लायवूडच्या आडोशामागे त्यांच्या टेबलाशी ठेवायचे, अशी रीत होती. माझं रॅक पलीकडच्या भिंतीशी असायचं. आमचा शिपाई जीव लावणारा माणूस. माझ्या काळ्या नळ्या धुताना तो हळहळायचा. “बाई, तुमच्या हाताले यश नाई, त्याले कोन काय करन?” हे तो मायेनेच म्हणायचा, म्हणून जास्त लागायचं. मी घरी जाऊन हात पाहत बसायची. खोटं का सांगू, मलाही ते पटायला लागलं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भौतिकशास्त्र विभागातली माझी मैत्रीण मदतीला आली. त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर काय करावं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने सीताबर्डीच्या बाजारातून मण्याएवढे दोन थर्मिस्टर आणले. ऊन-गारव्याप्रमाणे त्यांच्यातून वाहणारी वीज कमीजास्त व्हायची, आणि तिने लिहिलेला प्रोग्राम त्यावरून तापमान काढून कॅसेटवर साठवायचा. एक मणी माझ्या रॅकवर, एक सरांच्या. “मशीनले हातगुण नसते न वं,” ती म्हणाली. “ते सगळ्याइचं सारखंच सांगते.” सरांनी कौतुकाने परवानगी दिली. “माझा हात मोजता येतो का बघा,” असंही म्हणाले.

वीज गेली की कॅसेटवर न गेलेलं सगळं यंत्र विसरायचं, आणि वीज तर रोज जायची. तरी हळूहळू कागदावर दोन रेघा उमटल्या. सकाळी दोन्ही बरोबरीने चढायच्या. दुपारी माझी वर वर जायची आणि सरांची मात्र झपकन खाली यायची. सर उठून गेले, की पुन्हा वर. सर रजेवर होते त्या दिवशी ती खाली आलीच नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो. सर येतात तेव्हा हवा गार होते म्हणजे संतच म्हणायचे!

हसता हसता मी आडोशामागे पाहिलं. सरांची जेवायची सुट्टी संपत आली होती. शिपाई बादली घेऊन आला, त्याने कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, कूलर सरांच्या खुर्चीकडे वळवला आणि बटण दाबलं. रोज करायचा तसंच. सर गेले की बंद करायचा, कारण पाणी खालून वाहून आणावं लागे. हे आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं होतं. तो साहेबांचा मान होता; त्याला प्रयोगाचा भाग कोण समजणार? भिंतीवरचा थर्मामीटर दारापाशी होता आणि त्याची नोंद सकाळी व्हायची. माझं हसू तिथेच विरलं.

मी तो कागद सरांपुढे ठेवला. आता कोंब आले तरी ते कूलरचे, साध्या खोलीचे नव्हेत. म्हणजे सरांचा निबंध गेला आणि त्यावर उभा असलेला माझा प्रबंधही. सर बराच वेळ त्या रेघांवर बोट फिरवत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “नवे तुकडे कापू. या वेळी कूलर नको.”

तो सगळा मे महिना सर त्या खुर्चीत घामाने निथळत बसले. शिपाई कासावीस व्हायचा. “सायेब, काहून जिवाले तरास देऊन राह्यले जी? कूलर लावू द्या न मले.” सर मान हलवायचे. रोज नळी उजेडाकडे धरून पाहायचे, आणि मीही नवस केल्यासारखी त्या तुकड्यांकडे पाहायची. सर खरे ठरावेत असं मला मनापासून वाटत होतं. कागदावर दोन्ही रेघा आता एकमेकींवरून चालल्या होत्या. आधी कडा तपकिरी झाल्या, मग सगळं काळं पडलं. त्यांच्या रॅकवर आणि माझ्या रॅकवर, अगदी सारखं.

शेवटची नळी ठेवून सरांनी मान पुसली. “लाव आता,” ते शिपायाला म्हणाले. कूलर घरघरला. मग त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बस.”

“नको सर.”

“बस गं. इतके उन्हाळे त्या भिंतीशी काढलेस. तुझ्या हाताला आम्ही नावं ठेवली.”

मी बसले. ओल्या वाळ्याचा वारा तोंडावर आला आणि मला रडू कोसळलं. माझा हात बरा होता, हे मला त्या खुर्चीत कळलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

सर छत्री घेऊन बाहेर पडले. सर गेलेले पाहून शिपाई पुन्हा आत आला, मी खुर्चीत असतानाच त्याने सवयीने कूलर बंद केला आणि रिकामी बादली उचलून नेली.